बेटावरचे उंदीर आणि देशावरचे उंदीर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. इतिहासावर बोलण्यास ज्याला पाचारण करावे त्याने शनिवारवाड्याविषयी बोलावे, पानिपताविषयी बोलावे, निदान एखाद्या जुन्या घराण्याची हकीकत सांगावी. ते सोडून हा गृहस्थ उंदरांचे पुराण का लावून बसला, असा प्रश्न सहजच उत्पन्न होईल. परंतु माझे सारे आयुष्य पुण्याच्या मंडईमागील एका बोळात गेले. आणि या शहराच्या इतिहासातील एक अत्यंत दुःखद प्रकरण ज्या प्राण्यामुळे घडले, त्याची साक्ष मात्र इतिहासकार क्वचितच काढतात. ती साक्ष आज आपल्यापुढे ठेवावी असा माझा विचार आहे.

मंडईची इमारत आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहेच. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. १८८६ साली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उभी राहिली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती प्रथम ओळखली गेली, आणि पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव प्राप्त झाले. दिवसा येथे माणसांचे राज्य असते. रात्री गाळ्यांवर गोणपाटे पडली आणि दिवे मालवले, म्हणजे दुसरे राज्य सुरू होते. पोत्यांच्या थप्प्यांवरून आणि आढ्यावरून पळणारा लांब शेपटीचा काळसर घरउंदीर, जमीन पोखरणारी दांडगी घूस, आणि फळीच्या फटीत मावणारा पिटुकला उंदीर, अशी त्या राज्यातील प्रजा आहे. चिचुंद्रीलाही लोक याच कुळात ढकलतात. पण तिचे कूळ निराळे. ती कुरतडणारी नव्हे, किडे खाणारी आहे. शारदा-गजाननाच्या या परिसरात मूषकाला थोडा मान मिळतो खरा, परंतु तो उत्सवातल्या मूषकाला. बटाट्याच्या पोत्यातल्या मूषकाला नव्हे.

आता मला ज्या प्रश्नाने या विषयाकडे ओढले तो सांगतो. १९९४ सालचा सप्टेंबर महिना होता. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होते, आणि आता सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता आली होती. पुण्यात मुले तोंडाला रुमाल बांधून शाळेत येऊ लागली. मी तेव्हा सातवीच्या वर्गाला इतिहास आणि विज्ञान हे दोन्ही विषय शिकवीत असे. मुलांची भीती घालवावी म्हणून मी पुस्तक मिटले आणि जुन्या प्लेगची हकीकत सांगू लागलो. बोलता बोलता मी म्हणालो, "मुंबईचे उंदीर पुढे पुढे प्लेगने मरेनासे झाले. मद्रासचे मात्र टोचल्याबरोबर मरत. मुंबईच्या उंदरांना प्लेगची सवय झाली होती." तोच मंडईत कांदे-बटाटे विकणाऱ्या एका बागवानाचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, जे मेले त्यांना सवय कधी झाली? आणि जे पिल्लू अजून जन्मलंच नाही, त्याला सवय कशी होणार?"

मला उत्तर आले नाही. मी त्याला "खाली बस" म्हणालो. शिक्षकाने आयुष्यात जी थोडी पापे केलेली असतात, त्यांत हे माझे एक. आज मी जे सांगणार आहे ते त्या मुलाला तीस वर्षांपूर्वी द्यावयाचे उत्तर आहे.

प्रथम प्लेगचा इतिहास. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला. दोनच वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना या रोगाचे रोगी आढळले. मांडवी हा गोदीजवळचा, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. मुंबई हे मूळचे बेट. सात बेटे भराव घालून एक केलेली, १८४५ साली माहीमच्या बांधाने आणि १८५३ साली आगगाडीने शेजारच्या साष्टी बेटाला जोडलेली. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग गेला आणि देशावरचे पुणे त्या बेटाला बांधले गेले. ज्या मार्गाने माल आला, पाहुणे आले, वर्तमानपत्रे आली, त्याच मार्गाने प्लेगही घाट चढून आला.

१८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने पुण्यावर रँडसाहेबांची नेमणूक केली. त्यापुढील हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गोरे सोजीर घरात शिरले, माजघरात शिरले, देवघरात शिरले. रोगी ओढून इस्पितळात नेले, निरोगी माणसे छावणीत घातली, सामानसुमान जाळले, जमिनी खणून काढल्या. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता याच रोगाने वारल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सरकारची समजूत अशी होती की, रोग माणसाच्या अंगाबरोबर, कपड्यांबरोबर, जमिनीतील घाणीबरोबर फिरतो. म्हणून झडती माणसांची झाली. उंदीर मरतात हे सर्वांना दिसत होते. परंतु उंदीर हाही आपल्यासारखाच या रोगाचा बळी, एवढाच त्याचा अर्थ घेतला गेला. १८९८ च्या जूनमध्ये कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत प्लेगने आजारी असलेला एक उंदीर ठेवला. मध्ये जाळी घालून शेजारी निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नव्हता, पण पिसवा जाळीतून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसू हीच रोगाची वाहक, हे त्यावरून सिद्ध होत होते. परंतु त्याच सुमारास नेमलेल्या प्लेग कमिशनने या पिसवांच्या मताला फारशी किंमत दिली नाही.

त्याचा शेवटचा निकाल लागला मुंबईत. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून होती. तिलाच पुढे १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. तेथे लिस्टन नावाच्या डॉक्टरांनी, आणि १९०५ पासून नव्या संशोधन मंडळाने, हे काम हाती घेतले. प्लेगचे उंदीर आणि पिसवा असलेल्या खोल्यांत गिनिपिग सोडले. जमिनीवरचे मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील जगले, कारण पिसवेची उडी तेथवर पोहोचत नाही. मंडळाच्या लोकांनी मुंबईतील लाखावर उंदीर तपासले. त्यांत असे दिसले की, आधी गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदरांत मरी पडते, त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. तो तपकिरी उंदीर जहाजातून आलेला. मुंबईसारख्या बंदरात त्याची गर्दी, आणि देशावरच्या गावांत तो जवळजवळ नाहीच. बेटावरचे मूषकराज्य आणि देशावरचे मूषकराज्य यांतला हा पहिला फरक. दोन जाती निरनिराळ्या, म्हणून तो डोळ्यांना दिसणारा आहे.

माझी आजी, वडिलांची आई, शुक्रवार पेठेत लहानाची मोठी झाली. ती आठ-नऊ वर्षांची असतानाची गोष्ट ती आम्हांला सांगे. त्या काळी "उंदीर पडला" एवढे शब्द पुरेसे असत. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी बांधून माळावरच्या झोपड्यांत राहावयास जावयाचे, ही लोकांची रीत झाली होती. एके सकाळी आजीला कोठीच्या खोलीत मेलेला उंदीर दिसला. ती ओरडली. तिची थोरली बहीण आली, लहानगीला बाजूस सारले, शेपटीला धरून उंदीर उचलला आणि उकिरड्यावर टाकून आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला ताप भरला, जांघेत गाठ आली, आणि ती गेली. उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा ऊब शोधीत दुसऱ्या अंगावर जातात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. परळच्या प्रयोगशाळेत ते तोवर सिद्ध झालेले होते. शुक्रवार पेठेतल्या कोठीपर्यंत ते पोहोचले नव्हते. आजी शेवटपर्यंत म्हणे, "मी ओरडले नसते तर अक्काने तो उचलला नसता."

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मुंबईच्या त्याच संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. निरनिराळ्या शहरांतील घरउंदीर आणून त्यांना प्लेगच्या जंतूंची सारखीच मात्रा टोचली. मद्रासला प्लेगने फारसा उपद्रव दिला नव्हता. तेथील उंदीर जवळजवळ सारे मेले. मुंबईत वर्षानुवर्षे साथ चालू होती. तेथील पुष्कळसे उंदीर त्याच मात्रेने मेले नाहीत. पुढे १९३० नंतरच्या दशकात हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरांचे उंदीर तपासले, आणि तोच नियम आढळला: जेथे साथ जबर, तेथला उंदीर चिवट, जेथे साथ नाही, तेथला उंदीर नाजूक. रंग तोच, शेपटी तीच, जात तीच. पण रक्तात भेद. हा दुसरा फरक डोळ्यांना न दिसणारा, आणि म्हणूनच अधिक महत्त्वाचा.

हा भेद कोठून आला? याला दोन उत्तरे संभवतात. एक माझे, म्हणजे सवयीचे. उंदराला सौम्य प्लेग होऊन तो बरा झाला, आणि देवी येऊन गेलेल्या माणसाप्रमाणे सुरक्षित झाला. दुसरे उत्तर त्या बागवानाच्या मुलाच्या प्रश्नात लपलेले होते. समजा, साथ येण्यापूर्वी मुंबईच्या शंभर उंदरांत चार-पाच उंदीर जन्मतःच असे होते की ज्यांना हा जंतू सहजासहजी मारू शकत नव्हता. साथ आली. बाकीचे मेले, हे चार-पाच राहिले. पुढची पिढी त्यांची झाली. दुसरी साथ आली, तिसरी आली. दर साथीत चाळणी हलली आणि दर वेळी वाचणाऱ्यांचे बी वाढले. यात कोणत्याही एका उंदराला काहीही सवय झाली नाही. बदलला तो उंदीर नव्हे, उंदरांची वस्ती बदलली. मेलेल्यांना सवय होत नाही, आणि न जन्मलेल्यालाही होत नाही. परंतु वाचलेल्यांची पिले वाचलेल्यांसारखी निपजतात.

या दोन उत्तरांतले खरे कोणते, हे ठरविण्यास एकच उपाय. ज्याने आयुष्यात प्लेग पाहिलेला नाही असे पिल्लू तपासावयाचे. याचा चांगला पुरावा मिळाला तो मादागास्कर बेटावर. तेथला काळा घरउंदीर मूळचा आपल्याकडचाच. त्याच्या जनुकांवरून काढलेली वंशावळ शेवटी हिंदुस्थानच्या द्वीपकल्पाकडेच येते. बहुधा अरबस्तानच्या किनाऱ्यावरून, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो तेथे पोहोचला. प्लेग त्या बेटाच्या बंदरात १८९८ साली उतरला, म्हणजे मुंबईनंतर दोनच वर्षांनी, आणि १९२१ साली आतल्या डोंगराळ पठारावर गेला. पठारावर तो कायमचा मुरला. किनाऱ्यावर टिकला नाही. या शतकाच्या आरंभी फ्रेंच आणि मादागास्करच्या शास्त्रज्ञांनी दोन्हीकडचे उंदीर तपासले. पठारावरचे चिवट, किनाऱ्यावरचे नाजूक. एवढेच नव्हे, तर पठारावरच्या उंदरांची प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जन्मलेली, प्लेगचा वाराही न लागलेली पिलेदेखील चिवट निघाली. मुंबईने जो प्रश्न उपस्थित केला होता, त्याचे उत्तर शंभर वर्षांनी आपल्याच उंदराच्या परदेशस्थ भाऊबंदांनी दिले.

परंतु वस्त्यांत भेद पडण्याला मरीचीच गरज असते असे नाही. बेट हे स्वतःच एक कारण आहे. हे समजण्यास मंडईजवळच्या एखाद्या भुसाऱ्याच्या दुकानात चला. मूग, मटकी, हरभरा, वाटाणा आणि थोडीशी चवळी असे मिसळलेले कडधान्याचे एक पोते आहे असे समजा. त्यातून एक मूठ भरून घेतली, तर पोत्यातले प्रमाण मुठीत तंतोतंत उतरेल काय? एखाद्या मुठीत चवळी मुळीच येणार नाही, एखादीत तीच जास्त येईल. मूठ जितकी लहान, तितका पोत्याशी फरक मोठा. आता ही मूठ दूरच्या शेतात पेरली, आणि त्या शेताचे बी कायम तेवढ्याच मुठीतून धरीत गेलो, तर काही वर्षांनी ते शेत मूळ पोत्याहून अगदी निराळे दिसेल. यात कोणाचा हेतू नाही, कोणाची सरशी नाही; केवळ मुठीचा योगायोग. जहाजातून चार उंदीर उतरून एखाद्या बेटावर वस्ती करतात तेव्हा हेच घडते. मुख्य भूमीवर लाखो उंदीर एकमेकांत मिसळत असतात. बेटावर समुद्र ते मिसळणे बंद करतो.

वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोखोम नावाचे एक लहानसे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे घरातील पिटुकले उंदीर पोहोचले. साठ-सत्तर वर्षांनंतर बेरी या शास्त्रज्ञाने त्यांचे सांगाडे तपासले, तेव्हा हाडांच्या बारीकसारीक खुणांत ते समोरच्या भूमीवरील उंदरांहून स्पष्ट निराळे निघाले. आणि त्याने ती गोष्ट मूळच्या मूठभर उंदरांवर नेऊन पोहोचविली, १९६४ साली. दक्षिण अटलांटिक समुद्रातील गॉफ बेटावर जहाजांतून गेलेले उंदीर वजनाने नेहमीच्या उंदराच्या जवळजवळ दुप्पट झाले आहेत, आणि ते मोठ्या समुद्रपक्ष्यांची जिवंत पिले कुरतडून खातात. पोर्तुगिजांच्या मदेरा बेटावर तर आणखी नवल. या उंदरांच्या पेशीत नेहमी ४० गुणसूत्रे असतात. मदेराच्या वेगवेगळ्या दऱ्यांत ती एकमेकांना जोडली जाऊन संख्या काही ठिकाणी २२ पर्यंत खाली आली आहे. दरीगणिक निराळी जोडणी! मध्ये डोंगर, आणि वस्तीही थोडीच शतके जुनी.

याउलट स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा नावाचे बेट आहे. तेथल्या घरांत राहणारा उंदीर एक स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला जाई. १९३० च्या ऑगस्टमध्ये तेथली उरलीसुरली ३६ माणसे बेट सोडून गेली. चुली विझल्या, धान्य संपले, आणि एक-दोन वर्षांत तो उंदीर नामशेष झाला. ज्याला आपण शत्रू म्हणतो त्याचे सारे अस्तित्व आपल्या चुलीवर अवलंबून होते, ही गोष्ट मला तरी चटका लावून गेली.

आपल्या शेजारी या भेदाचे उत्तम उदाहरण म्हणजे श्रीलंका. जपानमधील योसिदा या संशोधकाने १९७० च्या आसपास घरउंदरांची गुणसूत्रे देशोदेशी मोजली. पूर्व आशियात ती ४२ आढळली, दक्षिण हिंदुस्थानात ३८, आणि मधल्या श्रीलंकेत ४०. म्हणजे मूळच्या ४२ मध्ये एक जोडणी झाली ती पायरी त्या बेटावर शिल्लक राहिली, आणि दोन जोडण्या झालेला प्रकार मुख्य भूमीवर पसरला. तो ३८ चा आपला उंदीरच पुढे अरबस्तान, भूमध्यसमुद्र, युरोप, अमेरिका असा जगभर गेला. रोमन साम्राज्याबरोबर तो युरोपात पोहोचला, ते साम्राज्य कोसळल्यावर तेथे बहुतेक नाहीसा झाला, आणि मध्ययुगात व्यापाराबरोबर पुन्हा आला, असे जुन्या हाडांतील जनुकांवरून २०२२ साली दाखविण्यात आले. राज्ये उठली की उंदीर उठतो आणि बुडाली की बुडतो. बखरकारांनी हे कधी लिहिले नाही एवढेच.

आपल्या देशावरच्या मातीतही स्वतःचे उंदीर आहेत, हे सांगावयास हवे. कर्नल साइक्स नावाचे एक इंग्रज अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारचे आकडेमोडीचे काम करीत दख्खनभर हिंडले. त्यांनी गोळा केलेल्या प्राण्यांत एक काटेरी केसांचा माळावरचा उंदीर होता. त्याला १८३२ साली शास्त्रीय नाव मिळाले, आणि त्याचे मूळ ठिकाण म्हणून दख्खनची नोंद झाली. तो घरात येत नाही. माळावर बीळ करतो आणि बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ते बंद करतो. त्याला ना बंदर माहीत, ना आगगाडी. मंडईतला पिटुकला उंदीर जगभर फिरून आलेल्या कुळातला, आणि पर्वतीपलीकडच्या माळावरचा हा त्याचा चुलतभाऊ येथलाच राहिलेला.

आता कोणी म्हणेल, पुणे हे काही बेट नव्हे. भोवती समुद्र नाही. परंतु बेट म्हणजे पाणीच असले पाहिजे काय? न्यूयॉर्क शहरात २०१७ च्या सुमारास उंदरांच्या जनुकांची पाहणी झाली. मॅनहॅटन बेटाच्या वरच्या भागातले आणि खालच्या भागातले उंदीर निरनिराळे निघाले. मध्ये कचेऱ्यांचा भाग आहे. तेथे घरे थोडी, खाणे थोडे, म्हणून उंदीर तो ओलांडून फारसे जात नाहीत. घरउंदराला डांबरी मोकळा रस्ता हाच समुद्र, आणि जेथे धान्य आहे ते बेट. त्या दृष्टीने आपली मंडई हेही एक बेटच. घाऊक बाजार गुलटेकडीस गेला, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना वाटले की उंदीरही जातील. काही पोत्यांबरोबर गेलेही असतील. अशा मुठीमुठीनेच नवी वस्ती होते.

आणि चाळणी अजूनही थांबलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रक्त गोठू न देणारी उंदरांची औषधे निघाली. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये त्या औषधाला दाद न देणारे उंदीर आढळले, आणि ज्या जनुकातील फरकामुळे हे घडते तो २००४ साली सापडला. प्लेगच्या जंतूने जे मुंबईत केले, तेच औषधाने तेथे केले. औषध कमी पडले तर त्याचा पहिला परिणाम हा की, ज्यांना ते लागू पडत नाही त्यांचेच बी उरते. म्हणून गाळ्यागाळ्याला चिमूटभर औषध टाकण्यापेक्षा धान्य झाकून ठेवणे, उकिरडा रोज उचलणे आणि भिंतीतील भोके बुजविणे हे अधिक खात्रीचे, असे मी शेजाऱ्यांना सांगत असतो. अन्नाविना राहण्याची शक्ती कोणत्याही पिढीच्या उंदराला मिळालेली नाही; सेंट किल्डाची साक्ष त्याला आहे.

१९९४ मध्ये बीडकडे प्लेग पुन्हा का दिसला, याचेही एक कारण जाणत्यांनी तेव्हा असेच सांगितले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. धास्तावलेली माणसे घरे सोडून उघड्यावर राहिली. धान्य मात्र घरातच राहिले. बंद घरातल्या त्या धान्यावर उंदीर वाढले. माणसे दूर गेल्याने रोग दूर गेला असे होत नाही. माणसे गेली तरी उंदराचा संसार चालूच असतो. १८९७ साली रँडसाहेबाच्या सोजिरांनी माणसे बाहेर काढली, पण त्यांचा प्रश्न होता, "आजारी माणूस कोठे लपविला आहे?" "उंदीर कोठे मेला आहे?" असे त्यांनी विचारले असते, तर घराघरांतल्या बाया त्यांना हात धरून कोठीपर्यंत घेऊन गेल्या असत्या. लोकांना ते ठाऊक होते. "उंदीर पडला" हा शब्द लोकांनीच केलेला होता.

आता शेवटची गोष्ट. मुंबईत प्लेग ओसरला तो अनेक कारणांनी: लस आली, घरे सुधारली, वखारी बदलल्या, आणि त्यांतच उंदीर चिवट झाला हेही एक कारण गणले जाते. हे वाचून काही विद्वान म्हणतात की, निसर्ग आपली सोय आपण लावतो. श्रोते हो, या वाक्यापासून आपण सावध असावे. उंदरांच्या वस्तीला शहाणपण आले ते मरणातून. शंभरांतले नव्वद-पंचाण्णव गेले तेव्हा उरलेल्यांची पिढी चिवट झाली. माणसाच्या बाबतीत तो मार्ग कोणीही सुचवू नये. हिंदुस्थानात त्या काही दशकांत प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली. माझ्या आजीची अक्का काही कमी ताकदीच्या रक्ताची म्हणून गेली नाही. तिला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती म्हणून गेली. मेलेला उंदीर हाताने उचलू नये, त्यावर आधी उकळते पाणी ओतावे, चिमट्याने उचलावा, पुरावा किंवा जाळावा, एवढीच ती गोष्ट. जे उंदराला शेकडो पिढ्यांच्या मरणातून मिळते, ते माणसाला एका वाक्यात मिळू शकते. त्यासाठी शाळा आहेत, छापखाने आहेत, आणि ज्यापुढे बसून मी बोलतो आहे हे यंत्रही त्यासाठीच आहे.

तो बागवानाचा मुलगा आता मंडईत वडिलांच्या गाळ्यावर बसतो. त्याच्या केसांत पांढरे दिसू लागले आहेत. मध्यंतरी बटाटे घेताना मी त्याला म्हणालो, "अरे, सातवीत तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचे उत्तर मला सापडले." आणि वरची सारी हकीकत मी गिऱ्हाइके थांबवून त्याला ऐकविली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, मला तर काहीच आठवत नाही. तुम्ही खाली बस म्हणालात, एवढंच आठवतं." मग त्याने तराजूत दोन बटाटे जास्त घातले, आणि काही केल्या त्यांचे पैसे घेतले नाहीत.

ज्यांनी आजवर शिकविले आहे, किंवा ज्यांच्या घरी प्रश्न विचारणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी म्हणून हे सांगितले.